गाडी रद्द झाली, आता तिकिटाच्या पैशांचं काय?

दर काही महिन्यांनी खान्देशातल्या पेपरांत तीच चौकट येते. अमुक तारखेपासून भुसावळ विभागात ब्लॉक, इतक्या गाड्या रद्द, तितक्या वळवल्या, दोन-चार ‘शॉर्ट टर्मिनेट’. त्या यादीचा फोटो तासाभरात गावभर फिरतो. ज्याचं तिकीट काढलेलं असतं तो आधी यादीत आपल्या गाडीचा नंबर शोधतो आणि तो सापडला की घाबरून मोबाईलवर तिकीट रद्द करून टाकतो. पहिलं नुकसान इथेच होतं.

गाडी रद्द झाल्यावर रेल्वे प्रवाशाशी कशी वागणार हे तीन गोष्टींवर ठरतं. गाडीचं नेमकं काय झालं, तिकीट कुठून काढलं होतं, आणि प्रवाशाने कोणत्या वेळी काय केलं. पहिल्या दोन गोष्टी तोवर होऊन गेलेल्या असतात, त्या बदलता येत नाहीत. तिसरी पूर्णपणे आपल्या हातात असते आणि बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात किंवा बुडतात. यासंबंधीचे मूळ नियम २०१५ चे आहेत. आरक्षणाचे, चार्टचे, स्वतःहून तिकीट रद्द करण्याचे तपशील त्यानंतर बदलत आले, पण रेल्वेने गाडी रद्द केली तर पूर्ण पैसे परत, हा गाभा कायम आहे.

## एकदम इतक्या गाड्या का रद्द होतात?

आधी ‘ब्लॉक’ समजून घेऊ. रुळांचं, सिग्नलचं किंवा वरच्या वीजतारांचं काम करायचं तर तेवढा वेळ त्या मार्गावरून गाड्या जाऊ द्यायच्या नाहीत. हा राखून ठेवलेला वेळ म्हणजे ब्लॉक. दोन-तीन तासांच्या साध्या ब्लॉकमध्ये गाड्या उशिरा धावतात, सहसा रद्द होत नाहीत. रद्द होण्याची लांबलचक यादी निघते ती ‘नॉन-इंटरलॉकिंग’च्या कामाला. स्टेशनवाले त्याला नुसतं ‘एनआय’ म्हणतात.

स्टेशनच्या यार्डात सिग्नल आणि सांधे एकमेकांना बांधलेले असतात. गाडी ज्या रुळावर घ्यायची, त्या रुळाकडे सांधा वळून पक्का बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. ही बांधणी म्हणजे इंटरलॉकिंग. नवी मार्गिका यार्डात आणून जोडायची तर ही बांधणी काही दिवस सोडवावी लागते. घरात माणसं राहत असताना सगळं वायरिंग बदलायचं, तसा हा प्रकार. मेन स्विच बंद ठेवून, लागेल तिथे तात्पुरती वायर ओढून दिवस काढायचे.

त्या दिवसांत यार्डात काय चालतं ते जवळून पाहिलं की यादी एवढी लांब का, हे कळतं. एरवी केबिनमध्ये बटण दाबलं की मोटरवर फिरणारा सांधा आता माणूस जागेवर जाऊन हाताने फिरवतो. मग त्यावर क्लँप बसवून कुलूप लावतो. प्रत्येक सांध्यापाशी माणूस उभा. सगळे सांधे बरोबर असल्याचा निरोप स्टेशन मास्तरकडे पोचला की मग ड्रायव्हरला लेखी परवाना मिळतो, आणि गाडी त्या सांध्यांवरून ताशी १५ किलोमीटरच्या आत सरकते. एरवी काही मिनिटांत पार होणारं यार्ड अशा वेळी एकेका गाडीला कितीतरी वेळ अडवून धरतं. दिवसभरात तेवढ्या सगळ्या गाड्या त्यातून निघणं शक्यच नसतं. मग काही रद्द करायच्या, काही दुसऱ्या वाटेने न्यायच्या, काही अलीकडेच संपवायच्या.

आपल्याकडे हे वारंवार होतं याला भूगोल कारण आहे. भुसावळला मुंबईची लाईन फुटते, एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे. जळगावला सुरतेकडची लाईन येऊन मिळते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम भारताच्या गाड्या या जेमतेम २४ किलोमीटरच्या पट्ट्यातून जातात. मनमाड ते जळगाव या १६० किलोमीटरवर चौथी मार्गिका आणि भुसावळ ते खंडवा या १३१ किलोमीटरवर तिसरी-चौथी मार्गिका टाकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ही कामं पुढे सरकतील तसतशा एनआयच्या याद्या येत राहणार. तेव्हा नियम एकदा नीट समजून घेतलेले बरे.

## ‘रद्द’ एक असतं, पण प्रकार पाच

बोलताना आपण सगळ्यालाच ‘गाडी कॅन्सल’ म्हणतो. रेल्वेच्या हिशेबात मात्र वेगवेगळे प्रकार आहेत आणि सगळ्यांची मुदत सारखी नसते.

पूर्ण रद्द म्हणजे त्या दिवशीची ती गाडी सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटपर्यंत धावणारच नाही. अंशतः रद्द म्हणजे मार्गाचा एक तुकडा कापला. गाडी अलीकडेच संपली तर शॉर्ट टर्मिनेट, पुढच्या स्टेशनापासून सुटली तर शॉर्ट ओरिजिनेट. वळवली म्हणजे दोन टोकं तीच, मधली वाट वेगळी. रीशेड्यूल म्हणजे सुटण्याची वेळच पुढे ढकलली. आणि पाचवा प्रकार उशिराचा, जो कुठल्याही यादीत छापून येत नाही आणि सगळ्यात जास्त लोकांना गाठतो.

आपल्या गाडीचं काय झालंय ते फिरत आलेल्या फोटोवरून ठरवू नका. एनटीईएस हे रेल्वेचं स्वतःचं ॲप आहे. त्यात रद्द, अंशतः रद्द, वळवलेल्या आणि रीशेड्यूल गाड्यांच्या याद्या वेगवेगळ्या मिळतात. स्मार्टफोन नसेल तर १३९ वर फोन करून विचारता येतं. खान्देशवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव आणि चाळीसगाव-धुळे फाटा मध्य रेल्वेकडे आहे, तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही सुरत-जळगाव लाईन पश्चिम रेल्वेकडे. ब्लॉकची पत्रकं दोघांची वेगळी निघतात. भुसावळच्या पत्रकात नंदुरबारची गाडी दिसली नाही म्हणून ती धावतेच आहे असं समजू नये.

## यादीत नाव दिसलं तरी ‘कॅन्सल’ दाबू नका

पेपरात बातमी येणं आणि रेल्वेच्या आरक्षण संगणकात गाडी रद्द म्हणून नोंदली जाणं, यात कधी तासांचं तर कधी दिवसांचं अंतर असतं. ती नोंद होण्याआधी तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत, तर संगणकाच्या लेखी गाडी चालू आहे आणि प्रवाशालाच जायचं नाही. मग गाडी सुटायला किती तास उरलेत त्यानुसार पैसे कापले जातात. पक्कं तत्काळ तिकीट असेल तर स्वतः रद्द केल्यावर काहीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी खरंच रद्द झाली तरी कापलेले पैसे आपोआप परत येत नाहीत.

आयआरसीटीसीवर स्वतः काढलेलं ई-तिकीट असेल आणि गाडी पूर्ण रद्द झाली असेल, तर काही करायचं नसतं. नोंद झाली की तिकीट आपोआप रद्द होतं. भाडं, आरक्षण शुल्क, सुपरफास्ट अधिभार, जीएसटी, सगळं परत येतं. तत्काळचंही येतं. पैसे ज्या खात्यातून किंवा कार्डवरून गेले तिथेच, साधारण आठवडाभरात जमा होतात. आयआरसीटीसीने तिकीट काढताना घेतलेलं सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही. यूपीआयने पैसे भरले तर हे शुल्क बिगर-एसीला १० आणि एसीला २० रुपये, अधिक जीएसटी. गाडी रेल्वेने रद्द केली तरी हे का ठेवून घ्यायचं, याचं पटण्यासारखं उत्तर मिळत नाही.

ई-तिकीट दुकानातून काढलं असेल तर वाट थोडी वाकडी. पैसे एजंटच्या खात्यात जमा होतात आणि त्याने ते तुम्हाला द्यायचे असतात. अधिकृत एजंटने काढलेल्या तिकिटाच्या परताव्याला २०२० पासून ओटीपीची पद्धत आहे. तिकिटावर दिलेल्या मोबाईलवर परताव्याच्या रकमेसह ओटीपी येतो, तो एजंटला सांगितला की त्याने तेवढे पैसे हातावर ठेवायचे. यासाठी तिकीट काढतानाच स्वतःचा नंबर द्यायचा. दुकानदाराने आपलाच नंबर टाकला तर किती पैसे आले हे तुम्हाला कधीच कळत नाही. आणि त्याने स्वतःच्या खाजगी आयडीवरून तिकीट काढून दिलं असेल तर ओटीपीचा प्रश्नच येत नाही, सगळा कारभार त्याच्या मर्जीवर.

जाण्याची गाडी रद्द झाली पण परतीची चालू आहे, हे दुखणं फार जणांचं. नियमात त्यावर औषध नाही. दोन पीएनआर (तिकिटावरचे आरक्षण क्रमांक) म्हणजे दोन वेगळे व्यवहार. जाण्याचे पूर्ण पैसे मिळतील, परतीचं तिकीट तुम्ही रद्द केलं तर कपात होईल. म्हणून जाण्याची गाडी रद्द झाल्याचं पक्कं कळलं की परतीचा निर्णय लगेच घ्यावा. जितके तास आधी, तितकी कपात कमी.

## खिडकीवरचं तिकीट खिडकीवरच

स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरून काढलेल्या छापील तिकिटाचे पैसे आपोआप येत नाहीत. गाडी पूर्ण रद्द असली तरी तिकीट घेऊन खिडकीवर जावं लागतं. त्याला मुदत आहे तीन दिवसांची, गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून मोजलेली. ‘पुढच्या बाजाराला जळगावला जाईन तेव्हा बघू’ म्हणणाऱ्याचे पैसे याच कारणाने जातात. भडगाव, पारोळा, शिरपूर अशा ठिकाणच्या माणसाला स्टेशन गाठायला मुद्दाम खेप करावी लागते, पण ती तीन दिवसांतच करावी लागते.

खिडकी बंद असेल, किंवा हिशेब गुंतागुंतीचा असल्याने क्लार्क पैसे देत नसेल, तर टीडीआर मागायचा. टीडीआर म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती. मूळ तिकीट रेल्वेकडे जातं, तुमच्या हातात पावती राहते. तीवरून दहा दिवसांच्या आत रेल्वेच्या क्लेम्स कार्यालयाकडे अर्ज करायचा. तिकीट देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. तिकीट हातातून गेल्यावर पीएनआर कुठून आणणार?

## तीन तासांचा नियम आणि त्यातले खड्डे

गाडी रद्द नाही, फक्त उशिरा आहे. अशा वेळीही पूर्ण पैसे मिळू शकतात, हे अनेकांना माहीत नसतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर एक रुपयाही न कापता परतावा मिळतो. पक्कं, आरएसी (नुसती बसायची जागा मिळालेलं), तत्काळ, सगळ्यांना.

खड्डे असे. पहिला, उशीर मोजायचा तो तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावरचा. गाडी हावड्याहून पाच तास उशिरा सुटली तरी भुसावळला येईपर्यंत तिने वेळ भरून काढला आणि दोन तास पन्नास मिनिटं उशिरा लागली, तर नियम लागू नाही. दुसरा खड्डा ‘तीन तास’ या शब्दांतच आहे. तीन तासांपेक्षा जास्त लागतात, बरोबर तीन नव्हे. तिसरा खड्डा मोठा. मागणी गाडी तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटण्याच्या आत करायची. ई-तिकीट असेल तर ऑनलाईन टीडीआर (इथे पावती नव्हे, परताव्याचा अर्ज) त्याआधी भरलेला हवा, खिडकीचं तिकीट असेल तर त्याआधी खिडकीवर दिलेलं हवं. गाडी गेली की हक्क गेला.

समजा चाळीसगावला गाडीची वेळ सकाळी १०.०० आहे. एनटीईएस दुपारी १.२० दाखवतंय. तुम्ही ठरवलंत की ट्रेन नको, बसने जाऊ. तर बसमध्ये चढून मग निवांत टीडीआर भरू, असं करू नका. गाडी १.१० लाच येऊन १.१२ ला सुटली आणि तुमचा अर्ज १.१५ चा असला, तर नियमाप्रमाणे तो उशिरा झाला. उलट, १२ वाजताच गाडी सव्वातीन तास उशिरा दाखवतेय म्हणून घाईने टीडीआर भरला आणि गाडी १२.५५ ला आली, तर अर्ज नामंजूर होणार आणि तुम्ही तर गाडी सोडलेली. त्यातल्या त्यात शहाणपणाचं हे, की गाडी तुमच्या आधीच्या मोठ्या स्टेशनातून किती उशिरा निघाली ते पाहायचं, आणि ठरलेल्या वेळेला तीन तास उलटले, गाडी अजून आली नाही, की लगेच अर्ज भरायचा. त्या क्षणी उशीर पक्का झालेला असतो आणि गाडी सुटलेली नसते.

## ऑनलाईन टीडीआर कसा भरायचा

आयआरसीटीसीच्या खात्यात जाऊन ‘माय ट्रान्झॅक्शन्स’ उघडायचं, त्यात ‘फाइल टीडीआर’. पीएनआर निवडला की कारणांची यादी येते. इथे घाई करू नका, कारण मुदत आणि निकाल दोन्ही या कारणावर ठरतात. उशिराचं कारण वेगळं, गाडी वळवल्याचं वेगळं, एसी बंद पडल्याचं वेगळं. मग ज्यांच्यासाठी मागणी आहे त्या प्रवाशांवर खूण करून अर्ज पाठवायचा आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा.

पुढे काय होतं? आयआरसीटीसी पैसे स्वतः देत नाही. ती अर्ज संबंधित रेल्वेच्या क्लेम्स कार्यालयाकडे पाठवते. तिथे गाडीच्या प्रत्यक्ष वेळा पाहतात आणि टीटीईच्या (गाडीतल्या तिकीट तपासनिसाच्या) हातातल्या यंत्रात तुमच्या बर्थपुढे काय नोंद आहे ते पाहतात. प्रवासी आलाच नाही अशी नोंद असेल तर मार्ग मोकळा. यात महिने जाऊ शकतात, म्हणून अर्जाची स्थिती अधूनमधून पाहत राहावी.

मुदती अशा. गाडी वळवली किंवा अंशतः रद्द झाली तर तुमच्या स्टेशनावरून सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून ७२ तास. डब्यातला एसी बंद होता तर उतरल्यापासून २० तास, आणि त्यात एसी व बिगर-एसी भाड्यातला फरक मिळतो, तोही टीटीईने लेखी नोंद दिली असेल तर. एसी बंद पडल्यावर नुसतं भांडून उपयोग नाही, कागद मागा.

परताव्याच्या नावाने फोन येतात तेही इथेच सांगून टाकतो. रेल्वे किंवा आयआरसीटीसी परतावा देण्यासाठी तुमचा पिन, कार्डामागचा नंबर किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप मागत नाही. समाजमाध्यमांवर पीएनआरसह तक्रार टाकली की असे फोन हमखास येतात.

## गाडी भलत्याच वाटेने गेली तर

पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या काही गाड्या वसई रोड, सुरत भाग, नंदुरबार अशा जळगावला आणतात. जळगाव-भुसावळवाल्यांचं उशिरा का होईना, भागतं. चाळीसगाव आणि पाचोऱ्याचा प्रवासी मात्र गाडीत बसून आपल्या गावाला वळसा घालतो. तुमचं चढायचं किंवा उतरायचं स्टेशन नव्या वाटेवर नसेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे मिळतात, वर सांगितलेल्या ७२ तासांत टीडीआर भरून. अशी गाडी अमळनेरला थांबलेली दिसली तरी तो तांत्रिक थांबा असू शकतो. तिथून चढायचं तिकीट त्याने मिळत नाही.

प्रवासात असतानाच पूर, अपघात किंवा रूळ खचल्याने गाडी मध्येच संपवली तर नियम तीन तऱ्हांनी लागतो. रेल्वेने दुसऱ्या गाडीने किंवा बसने मुक्कामी पोचवलं तर परतावा नाही. रेल्वे पोचवू शकली नाही तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत, झालेल्या प्रवासाचंसुद्धा. रेल्वेने सोय केली पण तुम्ही नाकारलीत, तर झालेल्या प्रवासाचं भाडं ठेवून उरलेलं परत. म्हणून मनमाडला गाडी संपली म्हणून लगेच जीप करून निघू नका. आधी स्टेशन मास्तरला विचारा की पुढची सोय आहे का. नसेल तर तिकीट तिथेच जमा करा किंवा तशी नोंद घ्या. नाहीतर पुढे कागदावर तुम्हीच सोय नाकारलेली दिसते.

एका गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर? एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडण्याची सोय आहे. नंदुरबारहून जळगाव आणि तिथून पुढे दिल्लीकडे, असा प्रवास असेल तर तिकीट काढताना जोडून घ्या. पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली की तिचं भाडं न कापता परत मिळतं. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत मागणी करायची. जोडलेलं नसेल तर दुसऱ्या गाडीचं तिकीट म्हणजे तुमचा वेगळा व्यवहार.

## जनरलचं तिकीट आणि अप-डाऊनवाले

ब्लॉकचा सगळ्यात मोठा फटका मेमू आणि पॅसेंजरला बसतो, कारण यादीत पहिल्यांदा त्याच जातात. रोज अप-डाऊन करणारा नोकरदार, कॉलेजची मुलं, भाजीवाल्या, यांच्याकडे जनरलचं तिकीट किंवा मासिक पास असतो.

जनरलचं तिकीट काढल्यावर गाडी रद्द झाल्याचं कळलं, तर त्याच खिडकीवर लगेच परत द्यावं. एरवी जनरल तिकीट रद्द करायला माणशी ३० रुपये कापतात. गाडीच रद्द असेल तर ते कापायचे नसतात, हे खिडकीवर ठामपणे सांगावं लागतं. यूटीएस ॲपवर काढलेलं कागदविरहित जनरल तिकीट रद्दच करता येत नसे. ब्लॉकच्या दिवसांत मोबाईलवर आधीच तिकीट काढून ठेवण्यापेक्षा गाडीची घोषणा ऐकून काढलेलं बरं. आणि पॅसेंजरच्या तिकिटावर मागून आलेल्या एक्सप्रेसमध्ये चढू नका, फरकाचं भाडं आणि किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. खिडकीवर फरक भरून तिकीट बदलून घ्या.

पासवाल्याला काहीच मिळत नाही. महिन्यात दहा दिवस मेमू बंद राहिली तरी त्या दिवसांचे पैसे परत करण्याची तरतूद नाही. पैसे आगाऊ घेऊन सेवा बंद ठेवायची आणि हिशेब द्यायचा नाही, हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत अन्यायाचा भाग आहे. प्रवासी संघटनांनी गाड्यांच्या थांब्यांइतकाच जोर या मागणीवर द्यायला हवा.

## ‘विमानवाले भरपाई देतात, मग रेल्वे का नाही?’

परतावा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परतावा म्हणजे तुमचेच पैसे. भरपाई म्हणजे तुम्हाला झालेल्या त्रासाचे वरचे पैसे. पुरेशी आगाऊ सूचना न देता विमान रद्द केलं, तर कंपनीने दुसरं विमान किंवा परतावा द्यायचा आणि वर १०,००० रुपयांपर्यंत भरपाई, असा आपल्याकडचा नियम आहे. युरोपीय संघात रेल्वेला एक तासाच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के मिळतात. आपल्या रेल्वेच्या नियमात परतावा आहे, भरपाई नाही. दुसऱ्या गाडीत जागा देण्याचं बंधनही नाही.

अपवाद होऊन गेला. आयआरसीटीसी चालवत असलेल्या तेजस गाड्यांत २०१९ पासून एक तासाच्या वर उशिराला १०० रुपये आणि दोन तासांच्या वर २५० रुपये मिळत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती योजना बंद झाली. राजधानी, शताब्दी, दुरांतोला दोन तासांच्या वर उशीर झाला की खाणंपिणं मोफत मिळतं. बाकी गाड्यांत ते घरून आणलेल्या डब्यात असेल तर.

रेल्वेची बाजू अशी की भाडं आधीच खर्चापेक्षा कमी, त्यात रोजच्या कोट्यवधी प्रवाशांना भरपाई कुठून देणार. स्वस्त तिकिटावर मोठी भरपाई मिळणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण एनआयचं काम अचानक उगवत नाही. ते आधी आखलेलं असतं. तरी तिकीट विक्री साठ दिवस आधी उघडते आणि रद्द झाल्याची नोंद आठवडाभर आधी होते, तेव्हा दुसऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या असतात. आखलेल्या ब्लॉकच्या तारखांची विक्री आधीच थांबवायला पैसे लागत नाहीत.

तिकीट काढताना घेतलेल्या विम्याचीही आशा नको. तो अपघाती मृत्यू, अपंगत्व आणि इस्पितळाच्या खर्चापुरता असतो. गाडी रद्द होणं त्यात बसत नाही.

## मग दाद कुठे मागायची?

नुसत्या भाड्याच्या परताव्याचा वाद असेल तर तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. महाराष्ट्रात त्याची पीठं मुंबई आणि नागपूरला आहेत. सेवेतल्या कसुरीमुळे झालेलं नुकसान, म्हणजे टॅक्सीचे पैसे, चुकलेलं विमान, यासाठी ग्राहक आयोग. या दोन वाटा मिसळल्या की तक्रार पहिल्याच तारखेला अडते.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर महत्त्वाचा निकाल दिला. अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी सुमारे चार तास उशिरा पोचली, कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. उशिराला रेल्वे जबाबदार नाही असं आमचे नियमच सांगतात, असा बचाव रेल्वेने केला. न्यायालयाने तो मानला नाही. उशिराचं कारण आपल्या आवाक्याबाहेरचं होतं हे रेल्वेने दाखवून द्यायला हवं, नाहीतर भरपाई द्यावी लागेल, असा त्याचा अर्थ. टॅक्सीच्या खर्चासह भरपाई कायम झाली.

याचा अर्थ प्रत्येक रद्द गाडीला भरपाई मिळेल असा नाही. दरड, पूर, आंदोलन यांत रेल्वेकडे कारण असतं. आधी जाहीर केलेल्या ब्लॉकमध्येही तक्रार दुबळी पडते, कारण सूचना दिलेली असते. सूचनाच मिळाली नाही, किंवा गाडी वेळेवर असल्याचं शेवटपर्यंत दाखवत राहून मग रद्द केली, अशा प्रकरणांत जोर असतो.

कागद त्याच दिवशी जमवायचे. तिकीट, रेल्वेचा एसएमएस असेल तर तो, एनटीईएसवरचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट (जुन्या फेऱ्यांची माहिती तिथून थोड्याच दिवसांत निघून जाते), १३९ किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक, आणि टॅक्सीचं सही-तारखेचं बिल. टॅक्सीवाल्याला ऑनलाईन पैसे दिले असतील तर त्याची नोंदही चालते. मग संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना लेखी मागणी पाठवायची, जळगाव-चाळीसगावकडची गाडी असेल तर मध्य रेल्वे, नंदुरबारकडची असेल तर पश्चिम रेल्वे.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा आयोगात. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. अर्जात रेल्वेचं नाव ‘भारत सरकार, महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे यांच्यामार्फत’ असं लिहायचं. नुसतं स्टेशन मास्तरचं नाव घातलं तर तो दुरुस्त करून आणायला सांगतात.